भाड्याचे घर, आपले रंग

पत्राचा सारांश: नाशिकमधील ३१ वर्षांच्या एक वाचक पुस्तकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रे काढतात. पूर्ण वेळ चित्रकामातून पुरेशी कमाई होऊ लागल्यावर, तीन वर्षांपूर्वी, त्यांनी गंगापूर रोडवर दोन बेडरूमचा फ्लॅट १४ हजार रुपये भाड्याने घेतला आणि मालकांच्या परवानगीने त्याची प्रत्येक भिंत स्वतः रंगवली. कामाची खोली मोहरीसारखी पिवळी, स्वयंपाकघर मोरपिशी, दारांवर वेली आणि पक्षी. या घराची छायाचित्रे समाजमाध्यमांवर गाजली आणि ‘रंगीत घरातली चित्रकार’ अशी त्यांची ओळख झाली. आता मालकांना फ्लॅट विकायचा आहे. करार ऑगस्टअखेर संपतो. तोपर्यंत ४८ लाखांना तो विकत घ्या, नाहीतर भिंती पूर्ववत पांढऱ्या करून रिकामा करा, असे त्यांनी सांगितले आहे. वाचकांची बचत ६ लाख आहे आणि मासिक उत्पन्न सरासरी ४५ हजार, पण ते एकसारखे नाही. सिन्नरला राहणारे वडील मुदतठेव मोडायला तयार आहेत. मुंबईची मैत्रीण म्हणते, सगळे सोड आणि इकडे ये, काम इथेच आहे. त्यातच, दोन पुस्तकांत चेहरे पिवळट छापले गेल्याची तक्रार प्रकाशकांकडून आल्याने त्यांचा आत्मविश्वास डळमळला आहे. ‘हे घर गेले तर माझ्याकडे काय उरेल?’ असे त्या विचारतात.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीचे सगळे हिशेब त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. ज्या भिंतींवर आपण शिडीवर चढून, मान अवघडेपर्यंत चित्रे काढली, त्यांच्यावर आपल्याच हाताने पांढरा रोलर फिरवायचा, हे दुःख खरे आहे. भाड्याच्या घरात इतका जीव कशाला गुंतवायचा, असे म्हणणारे भेटतील. त्यांच्याकडे खुशाल दुर्लक्ष करा. घर भाड्याचे असले तरी त्यात जाणारे दिवस आपलेच असतात. मात्र तुमच्या पत्रातच घटनांचा एक क्रम आहे, तो तुमच्या नजरेतून निसटलेला दिसतो. काम आधी सुरू झाले, त्याच्या कमाईतून भाडे परवडू लागले, मग घर आले आणि घराला रंग लागला तो सर्वांत शेवटी. लोकांनी घर पाहिले तेव्हा तुम्ही चित्रकार होऊन काही वर्षे झाली होती. तेव्हा घर गेले की कामही जाईल, ही भीती तुमच्याच हकिगतीशी जुळत नाही.

तरीही, केवळ माझ्या शब्दावर विसंबू नका. गेल्या दोन आर्थिक वर्षांतली सगळी बिले काढा आणि प्रत्येक बिलापुढे एका ओळीत लिहा की हे काम कोणाकडून आणि कशामुळे आले: जुन्या संपादकांनी पुन्हा बोलावले म्हणून, एखाद्या चित्रकार मित्राने नाव सुचवले म्हणून, छापलेले पुस्तक पाहून कोणी शोधत आले म्हणून, की घराचे छायाचित्र पाहून. छायाचित्राला मिळालेली पसंती आपल्याला रोज दिसते, तर संपादकाचा विश्वास वर्षातून दोनदा येणाऱ्या फोनमधून कळतो; त्यामुळे पहिली गोष्ट मोठी आणि दुसरी लहान वाटू लागते. घर पाहून आलेली कामे तुम्हाला वाटतात त्यापेक्षा कमी निघतील, असा माझा अंदाज आहे. समजा, तो चुकला आणि निम्मी कमाई घराच्या छायाचित्रांमुळेच आलेली निघाली, तर त्याचा अर्थ एवढाच की भिंती रंगवणे हा तुमच्या व्यवसायाचा एक भाग झाला आहे. मग बालवाड्या, मुलांचे दवाखाने, ग्रंथालये, उपाहारगृहे यांच्या भिंतींसाठी रीतसर दर ठरवून काम घ्या. दोन्ही परिस्थितींत हीच भिंत तुमच्या मालकीची असण्याची गरज उरत नाही.

आता ४८ लाखांचा हिशेब. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँकेला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देता येते, म्हणजे तुमच्या बाबतीत ३८ लाख ४० हजार. उरलेले ९ लाख ६० हजार स्वतःचे घालावे लागतील. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या ८० टक्क्यांत धरली जात नाही. स्त्रीच्या नावावर निवासी घर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत मिळते, ती धरूनही हा खर्च अडीच लाखांच्या पुढे जाईल. म्हणजे पहिल्याच दिवशी १२ लाखांहून अधिक रक्कम हवी: तुमची सगळी बचत आणि तितकीच, किंबहुना थोडी जास्तच, वडिलांची. त्यानंतर २० वर्षांची मुदत आणि साडेआठ टक्के व्याज धरले, तर हप्ता महिन्याला सुमारे ३३,३०० रुपये येतो. सोसायटीचा देखभाल खर्च आणि घरपट्टी वेगळी. तुमच्या सरासरी उत्पन्नाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग हप्त्यातच जाईल, आणि सरासरी ४५ हजार याचा अर्थ काही महिने ८० हजारांचे आणि काही महिने १५ हजारांचे असा असतो, हे तुमच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? बँकही विवरणपत्रांतले निव्वळ उत्पन्न पाहते, त्यामुळे एवढे कर्ज मंजूर होईलच असेही नाही.

पण कर्ज मंजूर झाले तरी घेऊ नका, असे मी म्हणते, त्याचे कारण पैशांपलीकडचे आहे. हप्ता चित्रकाराच्या निवडीवर बसतो. वसंत सरवटे हे स्थापत्य अभियंता होते आणि एका सिमेंट कंपनीतली नोकरी सांभाळून त्यांनी व्यंगचित्रे, मुखपृष्ठे आणि कथाचित्रे काढली. पगाराची बाजू भक्कम असल्याने कोणते काम घ्यायचे आणि कोणते नाही, हे ठरवण्याची मोकळीक चित्रकाराला मिळते, असे मला त्यांच्या वाटचालीकडे पाहून वाटते. चित्रकार दीनानाथ दलालांनी उलट वाट धरली: स्वतःचा स्टुडिओ काढला आणि १९४५ पासून ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक चालवला. दोन्ही वाटा खडतरच होत्या, पण त्या चित्रांसाठी पत्करलेल्या होत्या. तुम्ही मात्र पिवळ्या भिंतीसाठी २० वर्षे मिळेल ते काम घ्यायला बांधल्या जाल. एखादे चांगले पण कमी पैशांचे बालपुस्तक हप्त्याच्या तारखेमुळे नाकारावे लागेल, तेव्हा त्या भिंतीचाच राग येऊ लागेल.

वडिलांनी ठेव मोडण्याची तयारी दाखवली, यात त्यांचा तुमच्या कामावरचा विश्वास आहे, आणि एका चित्रकार मुलीला तो घरातून मिळणे मोलाचे आहे. त्यांना तसे स्पष्ट सांगा. त्याच वेळी, ही ठेव त्यांच्या म्हातारपणाची आणि औषधपाण्याची तर नाही ना, हेही विचारा. मदत घ्यायचीच असेल तर नव्या घराच्या अनामत रकमेपुरती घ्या आणि परतफेडीची तारीख स्वतःहून सांगा.

मुंबईबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जाहिरात, चित्रपट किंवा ॲनिमेशनमध्ये शिरायचे असेल तर मुंबईला जाण्यात तथ्य आहे. तुमचे काम पुस्तकांचे आहे, आणि चित्रमय बालपुस्तके काढणाऱ्या संस्था पुण्यात आहेत, दिल्लीत नॅशनल बुक ट्रस्ट आहे, चेन्नईत तुलिका आहे, बंगळुरूत प्रथम बुक्स आहे. यांतले कोणीही तुम्ही दादरला राहता की गंगापूर रोडला, हे पाहून काम देत नाही. संपादकांना समक्ष भेटायचे असेल तर सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी तिनेच परत येता येते. वर्षातून चार वेळा, ठरवून, नवे काम सोबत घेऊन जा. घर सुटण्याच्या धक्क्यात शहरही सोडले तर आपण कशामुळे अस्वस्थ आहोत हेच कळेनासे होते. मुंबईचा विचार वर्षभराने, शांतपणे, पुन्हा करता येईल.

आता पिवळ्या चेहऱ्यांकडे वळते. पत्रात तुम्ही तो मुद्दा ओझरता लिहिला आहे, मला मात्र तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमचे टेबल मोहरी रंगाच्या भिंतीसमोर आहे, असे तुमच्या वर्णनावरून दिसते. खिडकीतला प्रकाश त्या भिंतीवर आपटून कागदावर येतो तेव्हा तो पिवळसर झालेला असतो. डोळा काही मिनिटांतच त्या पिवळेपणाला सरावतो आणि कागद पुन्हा पांढरा दिसू लागतो, पण त्या प्रकाशात फिकट पिवळ्या छटा ओळखू येत नाहीत. मग हात नकळत एक थर जास्त देतो. संगणकावर काम करताना परिणाम दुसऱ्या वाटेने होतो, पण पोचतो तिथेच: पिवळ्या खोलीला सरावलेल्या डोळ्याला पडदा निळसर वाटतो, म्हणून आपण चित्रात ऊब वाढवतो आणि छापून आल्यावर चेहरे काविळीसारखे दिसतात. शेजारच्या रंगामुळे रंग वेगळा भासतो, हे शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने गोब्लँच्या विणकामशाळेतल्या धाग्यांवरून अभ्यासले आणि १८३९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. छपाईचे नमुने तपासताना ठरावीक, ५००० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप), प्रकाश आणि करडा परिसर वापरतात तो अशाच कारणांसाठी.

तुमच्या बाबतीत हेच घडते आहे का, ते एका सकाळी तपासता येईल. तक्रार आलेल्या पुस्तकांची मूळ चित्रे सकाळी अकराच्या सुमारास गच्चीवर सावलीत नेऊन पाहा, मग तीच टेबलावर ठेवून पाहा. फरक जाणवला तर टेबलासमोरची भिंत करड्या माउंटबोर्डने झाका आणि पुढचे एक चित्र त्या स्थितीत पूर्ण करा. छापखान्याचाही यात वाटा असू शकतो, विशेषतः पडद्यावरचे रंग छपाईच्या चार शाईंमध्ये बदलताना. म्हणून पुढच्या पुस्तकापासून एका पानाचा रंगीत प्रूफ आधी मागवण्याची अट घाला. पण पत्र वाचून मला असे वाटते की तुमचे कौशल्य कमी झालेले नाही, प्रकाश बिघडला आहे. आणि तसे असेल, तर ज्या घराला तुम्ही कामाचा आधार समजत होता, तेच घर निदान या एका बाबतीत कामाच्या आड येत होते. घर आवडते असू शकते आणि कामाला गैरसोयीचेही असू शकते; या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करायला हरकत नाही.

भिंती पांढऱ्या करण्यापूर्वी त्या नीट सोबत घ्या, कारण त्यांतले बरेच काही नेता येण्याजोगे आहे. प्रत्येक भिंतीचे छायाचित्र कॅमेरा तिवईवर ठेवून, भिंतीला अगदी समांतर धरून, दिवे बंद करून, खिडकीच्या सौम्य प्रकाशात काढा आणि चौकटीच्या कोपऱ्यात एक करडे कार्ड व मोजपट्टी दिसू द्या; समाजमाध्यमांसाठी काढलेली सुंदर छायाचित्रे या कामाला उपयोगी नाहीत. महत्त्वाच्या वेली आणि पक्षी बटर पेपरवर मूळ आकारात उतरवून घ्या. माळ्यावर रंगाचे उरलेले डबे असतील, तर त्यांच्या झाकणावर दुकानदाराने चिकटवलेल्या चिठ्ठीवर छटेचा क्रमांक आणि मिश्रणाचे प्रमाण छापलेले असते. ती चिठ्ठी फाटण्याआधी वहीत उतरवा, म्हणजे तोच मोरपिशी कुठेही पुन्हा करता येईल. आणि दारांचे काय? आतल्या खोल्यांची फ्लश दारे बिजागऱ्यांवरून उतरवता येतात. मालकांना विचारा की तुमच्या खर्चाने त्याच मापाचे कोरे दार बसवून दिले तर चित्रे असलेले दार तुम्हाला नेऊ देतील का. सुताराची मजुरी धरून काही हजारांत हे काम होईल, आणि मालकांचाही दार घासून पुन्हा रंगवण्याचा त्रास वाचेल.

हेही लक्षात असू द्या की भिंत मालकांची असली तरी तिच्यावरच्या चित्रांचा कॉपीराइट तुमचा आहे. तुम्ही ती कोणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन काढली नव्हती, त्यामुळे १९५७ च्या कायद्यानुसार पहिल्या हक्कदार तुम्हीच आहात. त्या वेलींवरून कापड, वह्या, पुस्तकाची अस्तरपाने, काहीही करा. जे काम तुम्ही मोबदला घेऊन करता, तिथे मात्र सावध राहा. करारात काहीच लिहिले नसेल, तर काही प्रकारच्या चित्रांवर काम देणारा पहिला हक्क सांगू शकतो. म्हणून कोणता वापर, किती वर्षे, कोणत्या प्रदेशात, हे प्रत्येक वेळी लेखी ठरवा. बिले थकत असतील, तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, करा. ती विनामूल्य आहे, आणि सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणे २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. उत्पन्न चढउताराचे असण्यामागे केवळ काम कमी असणे हे कारण नसते, उशिरा येणारे पैसेही असतात.

नवे घर शोधताना भिंतींकडे शेवटी पाहा, आधी खिडकी पाहा. उत्तरेकडची खिडकी असलेली एक खोली मिळाली तर इतर गोष्टींत तडजोड करा; तिथे प्रकाश दिवसभर फारसा बदलत नाही. ती खोली फिकट करड्या किंवा पांढऱ्या रंगाची ठेवा आणि टेबलावर ५००० केल्विनच्या आसपासचा, रंग खरे दाखवणारा दिवा लावा. रंगांची हौस बैठकीत, स्वयंपाकघरात, बाल्कनीत पुरवा, पण या वेळी प्लायवूडच्या फळ्यांवर, कपाटांच्या दारांवर, ताणलेल्या कॅनव्हासवर रंगवा, म्हणजे पुढच्या वेळी टेम्पोत घालून नेता येईल. भिंतीच रंगवायच्या असतील तर परवानगी आणि घर सोडताना कोणी काय करायचे, हे लिव्ह अँड लायसन्स करारातच लिहून घ्या आणि तो करार नोंदवलेला असू द्या. तोंडी परवानगी कराराच्या शेवटी कोणाला आठवत नाही. नवे घर पहिले काही महिने पांढरेच राहिले तरी घाबरू नका. नाशिकच्या तिवंधा चौकातली किंवा दिल्ली दरवाजातली रहाड, म्हणजे रंग खेळण्याचा जमिनीतला जुना हौद, रंगपंचमीला उघडते, एरवी ती बुजवलेली असते आणि वरून रहदारी चालू असते, म्हणून त्या चौकाचा रंग संपला असे कोणी नाशिककर मानत नाही. लोकांनी घराची नवी छायाचित्रे मागितली, तर तोवर त्यांना टेबलावरचे काम दाखवा: कच्चे रेखाटन, रद्द केलेले तीन चेहरे, चौथा चेहरा का ठेवला त्याचे कारण. ज्यांना तुमची चित्रे हवी आहेत ते थांबतील.

राहता राहिली ऑगस्टची मुदत, आणि तिच्याबद्दल याच आठवड्यात हालचाल करावी लागेल. जुलै ते सप्टेंबर हा दिवाळी अंकांच्या चित्रांचा हंगाम, त्याच्या ऐन मध्यावर घर बदलणे म्हणजे वर्षातली मोठी कमाई धोक्यात घालणे. मालकांना फ्लॅट विकत घेण्याबाबतचा नकार आजच, आदराने आणि स्पष्ट शब्दांत कळवा, म्हणजे ते गिऱ्हाईक शोधायला मोकळे होतील. त्याच पत्रात तीन महिन्यांची मुदतवाढ मागा: गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवण्यासाठी ठरावीक दिवशी दुपारी घर उघडे ठेवण्याची तयारी दाखवा, भाडे थोडे वाढवून द्यायलाही हरकत नाही. रंगकाम कोणत्या दर्जाचे हवे, तेही लिहून घ्या: मोहरी आणि मोरपिशी रंगांवर थेट पांढरा दिला तर खालचा रंग डोकावतो, आधी प्राइमरचा एक हात आणि त्यावर पांढऱ्याचे दोन हात लागतील. मजुरीचा अंदाज एखाद्या रंगाऱ्याकडून घेऊन ती रक्कम अनामतीतून वळती करावी की तुम्ही स्वतः काम करून द्यावे, याचा पर्याय मालकांपुढे ठेवा. गिऱ्हाइकाला रंगीत भिंतीच आवडल्या तर त्या तशाच ठेवता येतील का, हेही विचारून ठेवा. प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी मागा.